फारसी साधने मुळासकट छापावीत

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३८ साली एक फारसी ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथाचे नाव ‘तारीख-इ-सिंध’. परंतु कर्त्याच्या नावावरून अभ्यासक त्याला ‘तारीख-इ-मासूमी’ म्हणूनच अधिक ओळखतात. कर्ता मीर मुहम्मद मासूम हा सिंधमधील भक्करचा राहणारा, अकबर बादशहाच्या चाकरीतला सरदार, कवी, आणि जेथे जाईल तेथे शिळेवर लेख कोरवून ठेवण्याचा विलक्षण नाद असलेला गृहस्थ. तर संपादक उमर मुहम्मद दाऊदपोता हेही सिंधचेच, केंब्रिजला शिकून आलेले आणि त्या काळी जोगेश्वरीच्या इस्माईल युसुफ महाविद्यालयात अरबीचे अध्यापक. सिंधचा वृत्तान्त, फारसी भाषा, सिंधी संपादक आणि पुण्याची संस्था असा योग ज्या वर्षी जुळून आला, त्या वर्षी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल की पुरती दहा वर्षे लोटण्यापूर्वीच त्या सिंधमधील हजारो कुटुंबे घरदार, जमीनजुमला आणि वहीखाते मागे टाकून कल्याणनजीकच्या लष्करी छावणीतील बराकींत येऊन पडतील, आणि पुढे ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी त्या छावणीला उल्हासनगर हे नाव देतील.

आज त्याच उल्हासनगरातील एखाद्या तरुणाने आपल्या पूर्वजांच्या मुलखाचा इतिहास मूळ साधनांवरून जाणून घेण्याचे मनात आणले, तर पुण्यात छापलेला तो ग्रंथ त्याच्या हाती सहजासहजी पडत नाही, आणि पडला तरी त्याला तो वाचता येत नाही. त्याच्या पणजोबाला कदाचित आला असता. कल्होड्यांच्या आणि तालपूर मीरांच्या अमदानीत सिंधच्या दरबाराचे दफ्तर फारसीत चाले, आणि ते चालविणारे आमिल बहुतांशी हिंदू होते. इंग्रजांनी १८४३ साली सिंध घेतल्यावर फारसीचे ते राज्य ओसरले, १८५३ मध्ये सिंधीची लिपी सरकारातून ठरली, आणि पुढे फाळणीने उरलेसुरले सूत्रही तोडले. तीन पिढ्यांत एक समाज आपल्या स्वतःच्या कागदांपुढे निरक्षर व्हावा, ही गोष्ट निर्वासितांच्या हलाखीइतकी डोळ्यांत भरत नाही म्हणून तिची वाच्यता होत नाही, एवढेच.

परंतु हे दुःख केवळ सिंधी शेजाऱ्यांचे आहे असे समजून अंबरनाथ-बदलापूरच्या मराठी वाचकाने हळहळ व्यक्त करून मोकळे होण्याचे कारण नाही. कारण या बाबतीत तोही त्याच नावेत बसलेला आहे. उल्हास नदीच्या खोऱ्याचा हा सारा टापू ज्या कल्याण प्रांतात मोडत असे, तो प्रांत आधी निजामशाहीकडे, १६३६ च्या तहानंतर आदिलशाहीकडे, १६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांकडे, १६६१ मध्ये कल्याणपुरता मोगलांकडे, आणि पुन्हा हस्तांतर होत होत औरंगजेबाच्या दक्षिणेतील दीर्घ मोहिमेत मातबरखानासारख्या मोगल अंमलदाराच्या हाती गेला. या घडामोडींतील मराठी पक्ष आपल्याला बखरींतून, शकावल्यांतून आणि मोडी पत्रांतून कळतो. दुसरा पक्ष मात्र फर्मानांत, तवारिखांत आणि दरबारी अखबारांत, म्हणजे फारसीत, आहे. एका पक्षाची साक्ष ऐकून निवाडा देणाऱ्या पाटलाला आपण काय म्हणू? आणि तरीही आपल्या गावाच्या इतिहासाबद्दल आपण बहुतेक सारे नेमके तेच करीत आलो आहोत.

कल्याणचेच एक उदाहरण घेतो. महाराजांनी सन्मानाने परत पाठविलेल्या कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट महाराष्ट्रात ज्याने ऐकली नाही असा मनुष्य विरळा. ती प्रवचनांत आहे, नाटकांत आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनांत आहे; परंतु ती कोणत्या समकालीन साधनात नमूद आहे असे विचारले असता उत्तर देणे कठीण जाते, आणि साक्षेपी अभ्यासकांनी तिला दंतकथांच्या दालनात ठेवले आहे. यावर भाविक मनुष्य खट्टू होतो, आणि खट्टू मनुष्य पुष्कळदा रागावतो. पण त्याने खाफीखान वाचला तर त्याचा राग निवावा. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. महाराजांचा उल्लेख करताना त्याच्या लेखणीला शिव्याशापांची कधी वाण पडली नाही. असा हा माणूस स्वच्छ लिहून ठेवतो की मशिदीला, कुराणाला आणि स्त्रियांना उपद्रव होऊ नये असा महाराजांचा आपल्या लोकांना सक्त हुकूम होता आणि तो मोडणाऱ्याची गय होत नसे. मित्राने केलेल्या दहा स्तुतींपेक्षा प्रतिपक्षाने नाइलाजाने दिलेली ही एक कबुली शतपटींनी मोलाची आहे. दंतकथा हातची गेली तरी तिच्यामागचे तथ्य अधिक भक्कम पायावर उभे राहते. आणि हे घडते ते फारसी ग्रंथ छापला गेला, तो कोणीतरी वाचला आणि मराठीत आणला म्हणून. खाफीखानाचे मूळ बंगालच्या एशियाटिक सोसायटीने कलकत्त्यास एकोणिसाव्या शतकातच छापले होते; त्यातील मराठ्यांविषयीचा भाग मराठीत आणण्याचे श्रेय सेतुमाधवराव पगडी यांचे.

पगडींचे नाव निघाले की मान आपोआप लवते. निजामाच्या राज्यात सनदी नोकरी केलेल्या या विद्वानाने खाफीखान, साकी मुस्तैदखान आणि बऱ्हाणपूरचा कायस्थ भीमसेन सक्सेना या तिघांनाही मराठी बोलायला लावले, आणि ‘मोगल दरबाराची बातमीपत्रे’ प्रसिद्ध करून औरंगजेबाच्या छावणीत रोज काय वाचून दाखविले जात होते ते मराठी वाचकाला घरबसल्या ऐकविले. त्यांच्याही आधी माधवराव पटवर्धनांनी, ज्यांना आपण माधव जूलियन या नावाने केवळ गझलांचे कवी म्हणून ओळखतो, १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला, आणि तो भारत इतिहास संशोधक मंडळाने छापला. हे मंडळ राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० मध्ये पुण्यात स्थापिले. आणि तेथेच, आपल्या शेजारच्या पनवेलात जन्मलेल्या गणेश हरि खरे यांनी आपल्या आयुष्याची कितीतरी वर्षे फारसी कागदांवर वाकून घालविली.

खऱ्यांच्या कामाची पद्धत थोडी थांबून पाहावी अशी आहे, कारण माझ्या सांगण्याचा गाभा तीत आहे. १९३४ पासून मंडळाने त्यांचे ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’ खंडशः प्रसिद्ध केले. खासगी घराण्यांच्या दफ्तरांतून मिळालेली फर्माने, सनदा, खुर्दखते असा सारा ऐवज. परंतु खऱ्यांनी त्याचा गोषवारा देऊन वाचकाची बोळवण केली नाही. मूळ फारसी मजकूर जसाच्या तसा छापला, त्याचे भाषांतर दिले, आणि शिक्का, तारीख, स्थळ यांची रुजवात घातली. म्हणजे खऱ्यांचे वाचन कोणाला चुकीचे वाटले तर ते चुकीचे ठरविण्याचे साधन स्वतः खऱ्यांनीच त्याच्या हाती दिले. विद्वत्तेत याहून मोठा उमदेपणा मला माहीत नाही. ज्याला आपले मत टिकवायचे असते तो निष्कर्ष छापतो; ज्याला सत्य टिकावेसे वाटते तो मूळ छापतो.

अशा छपाईने काय साधते याचा दाखला अंबरनाथच्या शिवमंदिरात आहे, जरी तो फारसीचा नसून संस्कृतचा आहे. मंदिरातील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वाचला आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांनी शक वाचला ७८२. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याच नियतकालिकात फेरवाचन दिले आणि शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा निर्णय केला. आज सर्वत्र मान्य आहे तो हाच. एका आकड्याच्या वाचनात दोनशे वर्षांचे अंतर, आणि तेही ज्यांच्या हाताखाली भगवानलालांनी वर्षानुवर्षे काम केले त्या भाऊ दाजींच्या वाचनात! पण कोणाचा अवमान झाला नाही, कोणी कोणाविरुद्ध मोर्चा काढला नाही. लेख छापलेला होता, दुसऱ्याने तो तपासला, आणि लेखातील शिलाहार मुम्मुणी राजाचा काळ आपल्या जागी जाऊन बसला. शिलालेख निदान देवळात जागच्या जागी उभा असतो व ज्याला वाटेल तो जाऊन पाहू शकतो. फर्मान मात्र कोणाच्या तरी पेटीत असते, आणि पेटीची किल्ली कोणाजवळ आहे यावर इतिहास ठरू लागतो.

आता चालू काळाकडे वळतो, आणि येथे स्वर थोडा कडू झाला तर वाचकाने क्षमा करावी. आजचा संशोधक खऱ्यांसारखा खंड काढू इच्छील तरी त्याला ते परवडत नाही, आणि मी केवळ पैशांबद्दल बोलत नाही. विद्यापीठांतील बढतीचे हिशेब ज्या गुणांकांनी मांडले जातात, त्या हिशेबात दहा वर्षे खपून सिद्ध केलेली एक साधार संहिता आणि घाईने लिहिलेले चार लेख यांची तुलना झाली तर चार लेखांचे पारडे जड व्हावे असाच सारा रोख असतो. म्हणून संशोधक लेख लिहितो. लेखात फारसी मजकुराच्या दोन ओळी तळटीपेत इंग्रजी गोषवाऱ्याच्या रूपाने येतात. लेख परदेशी नियतकालिकाकडे जातो. संशोधक मोबदला घेत नाही, परीक्षक मोबदला घेत नाही, आणि शेवटी छापून आलेला तो लेख वाचण्यासाठी जी रक्कम मागितली जाते तीत बदलापूरचा वाचक दोन-चार जाडजूड मराठी ग्रंथ विकत घेऊ शकेल. ज्या गावाच्या जमाबंदीवर तो लेख लिहिला, त्या गावच्या माणसाला तो निषिद्ध.

केंद्र सरकारला या अन्यायाची जाणीव झाली नाही असे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ नावाची योजना मंजूर केली आणि तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद करून तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० सरकारी शिक्षण व संशोधन संस्थांना खुली करण्याची तजवीज केली. ही योजना वाईट आहे असे कोण म्हणेल? पण तिचा दरवाजा संस्थेच्या दारातून उघडतो. कल्याणचे १८६४ पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय, निवृत्त शिक्षक, दुकान सांभाळून वाचन करणारा सिंधी व्यापारी, आयुध निर्माणीतून निवृत्त होऊन मोडी शिकलेला अंबरनाथचा कामगार, यांतील कोणीही त्या दारातून आत जाऊ शकत नाही. आणि महाराष्ट्रातील इतिहासाचे कितीतरी खरे काम संस्थेबाहेरच्या अशाच माणसांनी केलेले आहे. राजवाड्यांना कोणत्या विद्यापीठाने पगार दिला होता?

याच्या उलट उदाहरणही जगात आहे, आणि तेही नेमके फारसीच्याच क्षेत्रात. एहसान यारशातर या इराणी विद्वानाने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ‘एन्सायक्लोपीडिया इराणिका’ हा महाकोश आरंभिला. त्याचा पहिला भाग १९८२ मध्ये निघाला, आणि पुढे त्यांनी तो महाजालावर विनामूल्य खुला केला. इराणच्या राज्यक्रांतीनंतर स्वदेशापासून तुटलेल्या विद्वानांनी परक्या भूमीवर आपल्या देशाच्या इतिहासाचे एवढे मोठे दफ्तर उभे करावे आणि ते कोणालाही फुकट वाचू द्यावे, हा दृष्टान्त उल्हासनगरला तरी विशेष जवळचा वाटला पाहिजे. सिंधी समाजानेही निर्वासित स्थितीत पहिले काम शाळा-महाविद्यालयांचेच हाती घेतले. हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड १९४९ मध्येच मुंबईत उभे राहिले, आणि त्याच बोर्डाचे चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय आज उल्हासनगरात आहे. ज्या समाजाने डोक्यावर धड छप्पर नसताना महाविद्यालये काढली, त्याला आपल्या इतिहासाचे चार फारसी ग्रंथ मूळ आणि भाषांतर यांसह छापणे अवघड जाऊ नये.

यावर एक आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे. फारसी तवारिखा शत्रूच्या, खुशामतखोरांच्या, एका धर्माच्या अभिमानाने लिहिलेल्या. त्यांच्यावर महाराष्ट्राने पैसा का खर्चावा? इतिहासकार यदुनाथ सरकारांच्या फारसी साधनांवरील भिस्तीबद्दल पुण्यातील विद्वानांच्या मनात जी अढी होती तिच्यातही या आक्षेपाचा अंश होता, आणि तो सर्वस्वी निराधार होता असेही मी म्हणणार नाही. दरबारी लेखक धन्याचे मीठ खातो. पण बखरकार काय वाऱ्यावर जगत होता? साक्षीदार पक्षपाती आहे म्हणून त्याला न्यायासनापुढे उभेच करावयाचे नाही, हा कायदा कोणत्याही मुलखात ऐकिवात नाही. त्याची उलटतपासणी करतात, आणि उलटतपासणीसाठी त्याची जबानी शब्दशः लिहून घ्यावी लागते. शिवाय फारसी लिहिणारा तो मुसलमानच, ही समजूतही खोटी. भीमसेन कायस्थ, ईश्वरदास नागर ब्राह्मण, सिंधचे आमिल हिंदू. आणि खुद्द शिवाजी महाराजांच्या नावे जिझियाच्या विरोधात औरंगजेबाला गेलेले जे फारसी पत्र प्रसिद्ध आहे, त्याचा मसुदा नीळ प्रभू मुनशीच्या नावावर सांगितला जातो. ज्या राजाने राज्यव्यवहारकोश करवून दरबारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, त्याच राजाने आपल्या पदरी फारसीनवीसही ठेवला होता, याचा अर्थ आमच्या अभिमान्यांनी नीट उमजून घ्यावा.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: छापले तरी वाचणार कोण? मुंबई इलाख्यात एके काळी शाळांतून फारसी ही दुसरी भाषा म्हणून घेता येई, परीक्षेत गुण चांगले पडतात म्हणून ब्राह्मणांची मुलेही ती घेत. आज तिचे विद्यार्थी बोटांवर मोजावे लागतात. हे खरे आहे, आणि म्हणूनच घाई हवी. मूळ वाचून भाषांतर तपासू शकणारी माणसे आज थोडी का होईना आहेत. गजानन मेहेंदळ्यांसारख्या अभ्यासकाने फारसी, मोडी, पोर्तुगीज अशी सगळी साधने पालथी घालून शिवचरित्र लिहिले ते काही शतकापूर्वी नव्हे. ही परंपरा खंडित झाल्यावर मजकूर छापायचे ठरविले तर मुद्रिते तपासायला माणूस मिळणार नाही, आणि तपासल्यावाचून छापलेला फारसी मजकूर हा न छापलेल्यापेक्षा अधिक घातक. एका नुक्त्याच्या फरकाने माणसाचे नाव आणि गावाचे नाव बदलते.

कागदाच्या नाजूकपणाबद्दल मी फारसे लिहिणार नाही. वाळवी, पाऊस आणि वाटणीची भांडणे यांनी दफ्तरांचे काय केले ते प्रत्येक जुन्या घराण्याला ठाऊक आहे. मात्र जानेवारी २००४ मध्ये भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि पोथ्या, ग्रंथ, कपाटे यांची नासधूस झाली, ही गोष्ट विसरता येण्याजोगी नाही. जे एकाच प्रतीत होते ते त्या दिवशी एका धोंड्याच्या अंतरावर होते. ‘तारीख-इ-मासूमी’ छापून देशोदेशी गेलेली होती, तिला असल्या धोंड्याचे भय उरले नव्हते.

माझी मागणी फार मोठी नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने भ. ग. कुंटे यांच्याकडून फरिश्त्याच्या फारसी तवारिखेचे मराठी भाषांतर करवून प्रसिद्ध केले, आणि आपले पुष्कळसे ग्रंथ महाजालावर विनामूल्य ठेवले, हा उत्तम पायंडा आहे. राज्याच्या पुराभिलेख खात्यानेही पारसनीस संग्रहातील फारसी बातमीपत्रांची यदुनाथ सरकारांनी केलेली इंग्रजी भाषांतरे १९५३-५४ मध्ये दोन खंडांत काढली होती. या दोन्ही सरकारी हातांनी भारत इतिहास संशोधक मंडळाशी करार करून खऱ्यांचे सर्व खंड, मूळ मजकूर, भाषांतर आणि टिपांसह, कोणालाही उतरवून घेता येतील अशा रूपात खुले करावेत, हे पहिले काम. पगडींची भाषांतरे पुन्हा काढताना ज्या ज्या उताऱ्यांचे मूळ छापील प्रतींत उपलब्ध आहे ते समोरच्या पानावर द्यावे, हे दुसरे. आणि सरकारी पैशाने झालेल्या फारसीविषयक संशोधनातून जो लेख परदेशी नियतकालिकात जाईल, त्यातील मूळ कागदाची प्रतिमा आणि मराठी सारांश लेखकाने राज्याच्या पुराभिलेख खात्यात दाखल केल्यावाचून शेवटचा हप्ता मिळू नये, हे तिसरे. यावर गुणांकवाले कुरकुर करतील, त्यांनी करावी.

उल्हासनगरसाठी मात्र एक वेगळे काम सुचवितो, आणि ते सरकारच्या भरवशावर ठेवू नये. फाळणीच्या वेळी सिंधमधून जी कुटुंबे आली, त्यांतील काहींच्या ट्रंकांत दागिन्यांबरोबर किंवा दागिन्यांऐवजी जुन्या सनदा, खरेदीखते, मीरांच्या वेळची पत्रे आली असतील, तर ती कोणाच्या मालकीला धक्का न लावता घरच्या घरी छायांकित करून घ्यावीत. कागद घरात राहील, प्रतिमा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात राहील. वाचणारे फारसीचे जाणकार मुंबईहून, कामा प्राच्यविद्या संस्थेच्या किंवा विद्यापीठाच्या परिचयातून, लोकलने दीड तासात येऊ शकतात. आणि या संग्रहाच्या पहिल्या खंडाला जोड म्हणून दाऊदपोत्यांच्या संहितेवरून ‘तारीख-इ-मासूमी’ देवनागरी सिंधीत आणि मराठीत काढावी. खर्च दोन्ही समाजांनी निम्मा निम्मा सोसावा, आणि मुद्रिते तपासण्याचे मानधन मात्र आगाऊ द्यावे, कारण आपल्याकडे ग्रंथ अडतात ते बहुधा तेथेच.